फुटबॉल कोणी फुगवला

बापू, तुला जाऊन आज महिना झाला, आणि एवढ्या अवधीत मी आपलं गुपित फोडून बसलो. अठरा वर्षं सांभाळलं होतं. नानाच्या पोटात काही राहत नाही अशी आपल्या घराण्यात माझी ख्याती, तरी हे एक राहिलं, कारण ते फुटण्यात नुकसान माझंच होतं. तू कधी त्याचं नाव काढलं नाहीस आणि मला कधी काढावंसं वाटलं नाही. आता फुटलंच आहे तर काय काय घडलं ते लिहून काढतो. तोंडी सांगायला लागलो की माझ्या गोष्टीला पालवी फुटते, हे तुझंच म्हणणं. कागदावर जरा आवर राहील.

तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझी मास्तरकी यातलं काही मी लिहिणार नाही. ते तुझ्या शाळेतल्या सोबत्यांनी लिहिलं आहे. चांगलं लिहिलं आहे, पण त्यात तू इतका गंभीर दिसतोस की तुझ्या ताईनं ऐकून विचारलं, हा कोण गृहस्थ? प्लेगच्या दोन्ही साली तू आळीतल्या आजाऱ्यांच्या उशाशी बसलास आणि तुला शिंकसुद्धा आली नाही. यंदा साध्या तापानं आठ दिवसांत आटोपलंस. यावर मला तुझ्याशी भांडायचं होतं. पण समोरचा पक्ष हजर नसला की वकिलाला भांडणात गोडी राहत नाही.

तेव्हा कॉलेजातल्या त्या हंगामाकडे वळतो.

तू थोरल्या काकांचा मुलगा, माझ्याहून दीड वर्षानं मोठा. तुम्ही ठाण्याचे, आम्ही कल्याणचे, आणि कॉलेजसाठी दोघंही गिरगावातल्या एका खोलीत. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या साहेबांनी विलायतेहून येताना तो चेंडू आणला. क्रिकेट खेळणारे कॉलेजात पुष्कळ होते, फुटबॉल कुणी पाहिलाही नव्हता. साहेबांनी अकरा जण गोळा केले. मला का घेतलं असं पोरं विचारतात तेव्हा मी माझ्या पिंडऱ्यांचं वर्णन करतो. खरी गोष्ट अशी, की दहा जण झाले होते आणि मी व्हरांड्यातून चाललो होतो.

चेंडूबरोबर हवा भरायची पितळी पिचकारी होती, ती पहिल्याच आठवड्यात मोडली. मग साहेब म्हणाले, तोंडानं फुगवा. आत रबराची पिशवी, तिला बोटभर नळी. नळी तोंडात धरून फुंकायची, दोऱ्यानं गळा आवळायचा, आणि वरचं चामडं वादीनं ओढून बांधायचं. साहेबांना यात अवघड काही दिसेना. साहेबांना उष्टं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

आपण अकरा जण त्या पिशवीकडे बघत उभे राहिलो. ब्राह्मण, प्रभू, सोनार, शिंपी. चामड्याला पाय लावायला कुणाची ना नव्हती, पायात वहाणा असतातच. हात लागला तर घरी येऊन अंघोळ करता येते. पण तोंडाचं काय करायचं? एकानं तोंड लावलेली नळी दुसरा तोंडात घेणार नाही, म्हणजे जो पहिल्यांदा फुंकेल त्याच्याच गळ्यात ती हंगामभर पडणार. साहेब घड्याळ काढून बघायला लागले. मग तू पुढे झालास आणि म्हणालास, "द्या इकडे."

ठाण्याच्या तळ्याकाठच्या देवळात बाराव्या वर्षापासून शंख फुंकणारा तू. तीन श्वासांत पिशवी टम्म झाली. त्या दिवसापासून आपला सगळा संघ तुझ्या छातीवर चालला. तुला सर्दी झाली की हंगामाला सर्दी. तू परीक्षेला बसलास की सराव बंद. आपला कप्तान पोतनीस तुला एखाद्या बाळंतिणीसारखा जपायला लागला. रोज सकाळी आल्याचा काढा घेऊन खोलीवर हजर, आणि तू पिऊन संपवीपर्यंत समोर बसून राहायचा. एकदा त्यानं काढा मलाही देऊ केला. मग थोडा विचार करून परत घेतला.

मला सगळ्यात लाडका काळ वाटतो तो दिवाळीच्या सुट्टीचा. मी आठ दिवस तुमच्याकडे ठाण्याला राहिलो, आणि तू मला रोज सकाळी खोपटच्या वस्तीपासून शेतांच्या बांधांवरून बाळकुमच्या खाडीपर्यंत पळवलंस. दोन शिकलेली माणसं धोतराचा काचा मारून, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही, अशी पळताना बघून कापणीला आलेल्या बायका विळे खाली ठेवायच्या. बाळकुमच्या मिठागरावरच्या एका म्हाताऱ्यानं चौथ्या दिवशी आपल्याला थांबवलंच. "काय हरवलं का रं पोरांनू?" तू म्हणालास, काही नाही आबा, दम वाढवतोय. तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याचा तं हरवलाय." बापू, खरंच हरवला होता, पण तसं सांगायलाही दम लागतो.

इतकं पळून काय झालं, तर दिवाळीनंतर आपण चार सामने खेळलो आणि चारही हरलो. पोरांना मी दोन सांगतो. राहिला शेवटचा, कल्याणच्या रेल्वेवाल्यांबरोबरचा. पोतनीस कल्याणचा, त्याच्या चुलत्यांची स्टेशनात ओळख. इंजिनं चालवणाऱ्या गोऱ्या ड्रायव्हरांचा आणि फायरमनांचा तो संघ, ठाकुर्लीच्या बाजूच्या माळावर खेळायचा. त्यांचा चेंडू फाटला होता, नवा यायचा होता, तेव्हा आपला घेऊन या असं त्यांनी कळवलं. पोतनीसनं शनिवार ठरवला. शनिवार म्हटल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या, तूही हलवलीस. ही चूक फक्त आपल्यासारखेच करू शकतात. कॉलेजात आपण तारखेनं जगायचो आणि घरी तिथीनं, आणि दोन्ही एकमेकांशेजारी मांडून बघायचं बी. ए.च्या वर्गात कुणाला सुचलं नाही. संध्याकाळी तू पंचांग उघडलंस. त्या शनिवारी थोरल्या काकांचं श्राद्ध होतं.

काकांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तू एकुलता एक मुलगा, श्राद्ध तुझ्याच हातचं. आणि श्राद्ध करणाऱ्याला त्या दिवशी काय काय वर्ज्य, ते काकूनं तुला पहिल्याच वर्षी पाठ करून दिलं होतं. पुन्हा जेवायचं नाही, प्रवास करायचा नाही, अंगाला शीण होईल असं काही करायचं नाही. काकू बाकी कशाला फार कडक नव्हती. पण तो एक दिवस तिच्यापाशी उरला होता, आणि त्यात कानामात्रेचा फरक तिला चालत नसे. रेल्वेवाल्यांच्या ड्यूट्या लागलेल्या, त्यांना दुसरा दिवस जमेना. तू पोतनीसला सांगितलंस, मी येणार नाही. पोतनीस घरच्या माणसासारखा रडवेला झाला. मग तू तोड काढलीस. पहाटे अंघोळीच्या आधी चेंडू फुगवून देतो, नानानं तो तसाच कल्याणला न्यावा.

नाना म्हणजे मी. एवढ्या मोठ्या कामावर मला नेमलंस, हा तुझ्या आयुष्यातला एकमेव चुकीचा निर्णय असावा.

पहाटे तू चेंडू फुगवलास, दोऱ्याला तीन गाठी मारल्यास, वादी आवळलीस आणि माझ्या हातात देऊन म्हणालास, "मांडीवर धर. खाली ठेवू नकोस, वर काही ठेवू नकोस." मी पंचात गुंडाळून नेला. शेजारच्या बाईनं विचारलं, कोहळा केवढ्याला घेतला. ठाण्याहून कल्याणला जायला लागतो किती वेळ? पण पहाटे उठलेला मी, गाडीत ऐसपैस जागा आणि उशीसारखी वस्तू मांडीवर. जाग आली ती कल्याणला, आणि माझं डोकं पाटावर ठेवल्यासारखं सपाट होतं.

दुपारी माळावर पोतनीसनं पंचा सोडला. आत भाकरी होती. तो चेंडूकडे बघत राहिला, मग माझ्या गालावरचा वादीचा वळ बघत राहिला. त्याच्या त्या बघण्यानं मला जितकं लागलं तितकं नंतर एकाही न्यायाधीशाच्या बोलण्यानं लागलं नाही. रेल्वेवाल्यांतला एक मिशाळ ड्रायव्हर हसत पुढे आला आणि म्हणाला, मी फुगवतो. पोतनीसनं घाईनं नको म्हटलं. त्या गोऱ्याचं तोंड नळीला लागलं असतं तर तुझं कायमचं सुटलं असतं.

मग सगळे माझ्याकडे वळले. पोतनीसनं शास्त्रार्थ काढला. मला म्हणाला, तू बापूचा भाऊ, भावाभावांत कसलं उष्टं, लहानपणी एका ताटात जेवला असाल. मी म्हटलं, मुंज झाल्यापासून नाही. धर्म सांभाळायची मला इतकी कळकळ त्याआधी कधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही. खरं कारण असं, की मला फुंकता येत नव्हतं. शेवटी मी पिशवी घेऊन एका बाभळीमागे गेलो आणि कुणी बघत नाही असं बघून नळी तोंडात धरली. जीव खाऊन फुंकलं. पिशवी वांग्याएवढी झाली. श्वास घ्यायला थांबलो तर तिच्यातली सगळी हवा माझ्याच पोटात परत आली. तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी डोळ्यापुढे काजवे चमकले, आणि त्या काजव्यांमधून रुळांच्या कडेनं तू येताना दिसलास.

कपाळावर गंध, खांद्यावर उपरणं, शेंडीची गाठ अजून ओली. मला वाटलं, काही बरंवाईट झालं आणि सांगायला आलास. तू जवळ आलास, माझ्या तोंडातली नळी काढून घेतलीस, उपरण्यानं पुसलीस आणि तीन श्वासांत पिशवी फुगवलीस. माझ्या तोंडची नळी, बापू. तू एवढंही म्हणाला नाहीस की, हे तुझं उष्टं आहे.

मी विचारलं, काकू? म्हणालास, निजली आहे, विचारून येण्याजोगं नव्हतं. मी विचारलं, आणि श्राद्ध? तेव्हा वादी आवळता आवळता तू जे म्हणालास ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"सगळं यथासांग झालं. ब्राह्मण जेवले. बाबा जेवले, नाना. आणि जेवण झाल्यावर ते काय करायचे? ओटीवर बसून मी काय उद्योग करतो ते बघायचे. बघू देत की."

पोतनीसनं ऐन वेळी धरून आणलेला त्याचा मावसभाऊ आनंदानं बाहेर झाला आणि तू उपरणं कमरेला बांधून मैदानात आलास. सामन्याचं वर्णन मी इतक्या वेळा केलं आहे की त्यातलं घडलेलं कुठलं हे मलाच शोधावं लागतं. एवढं नक्की, की त्यांच्या पायात बूट होते आणि आपण अनवाणी. तू हरणासारखा पळत होतास. मी चेंडूपासून सुरक्षित अंतर राखून होतो. शेवटी शेवटी तो मिशाळ ड्रायव्हर माझ्या अंगावर चालून येतोय असं मला दिसलं, आणि मी अंग चोरून डोळे मिटले. तो माझ्या अंगावर येत नव्हता, माझ्यामागे असलेल्या तुझ्या अंगावर येत होता. तू चेंडू मारलास. तो माझ्या पाठीत बसला आणि तिथून त्यांच्या गोलात गेला. मी तोंडावर पडलो. उठलो तेव्हा लोक मला मिठ्या मारत होते.

सबंध हंगामातला तो आपला एकुलता एक विजय, आणि त्याच्या मालकीचा वाद तू अर्धवट टाकून गेलास. मी म्हणायचो गोल तुझा. तू म्हणायचास, "पाठ तुझी, गोल तुझा." हे सगळं आपण दोघं असताना. चारचौघांत मी वाद घालत नसे, गोल सरळ घेऊन टाकत असे.

सामन्यानंतर पोतनीसच्या घरी त्याच्या आईनं फोडणीचे पोहे केले. आपण सगळे तुटून पडलो. तू पाण्याचं भांडं तेवढं घेतलंस आणि ओसरीच्या टोकाला बसलास. मी म्हटलं, आता कसलं पाळतोस, होतं तेवढं मोडलंस. तू म्हणालास, "प्रवास मोडला, श्रम मोडले. एक तरी पाळू दे." तुझ्या वाटचे पोहे मी खाल्ले. चविष्ट होते. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आता थोडं वाटतं.

दिवस मावळता आपण ठाण्याला पोचलो. काकू दारात उभी. तू मला उतरवून घ्यायला स्टेशनवर गेला असशील अशी तिची समजूत दिसली. तिनं मला विचारलं, कसा झाला रे तुमचा खेळ? चेंडूत वारा राहिला का? तुझ्याकडे पाहिलं तर तू खरं सांगायला तोंड उघडत होतास. तुला खोटं येत नव्हतं आणि मला दुसरं काही येत नव्हतं. मी म्हटलं, वारा कसला राहतो काकू, मीच फुगवला. आणि गोल कुणी केला? तोही मीच. काकू म्हणाली, बरं झालं. आणि तुला म्हणाली, बघ, तू घरी राहिलास म्हणून काही अडलं नाही.

ती थाप तुझ्यासाठी मारली होती, बापू, हे माझं पहिलं निवेदन. दुसरं निवेदन असं, की पुढल्या दिवाळीपर्यंत ती माझी झाली होती. दहा वर्षांत पिशवी मी दोन श्वासांत फुगवायला लागलो. गोल अर्ध्या माळावरून जायला लागला. मिशाळ ड्रायव्हर डोक्यावरची टोपी काढायला लागला. लग्नात, मुंजीत, नागपंचमीला, पोरं म्हणायची नानाकाका फुटबॉल, आणि मी सुरू व्हायचो. तू बाजूला अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकायचास. गोष्टीच्या शेवटी माधव तुला विचारायचा, बाबा, आणि तुम्ही? तू म्हणायचास, माझं श्राद्ध होतं बाळ. मग तो लगेच दुरुस्त करायचा, तुमचं नाही, आजोबांचं.

काकू चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हा मी तुला म्हटलं, आता खरं सांगून टाकू. आपल्या एवढ्या वर्षांच्या सहवासात माझ्याकडून निघालेली ही एकमेव सात्त्विक सूचना. तू म्हणालास, राहू दे, तुझ्या तोंडी ती बरी वाटते. आणि ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलंय की त्या दिवशी मी घरीच होतो. आपण दोघं इतके हसलो की वहिनी आतून बघायला आल्या. त्याही काकूच्या पाठोपाठ गेल्या. पण ते हसणं मला आठवतं ते त्यांच्यासकट.

आता या महिन्याचं सांगतो.

माधव यंदा मॅट्रिकला. तुझे दिवस झाल्यावर भटजींनी महिन्याची तिथी काढली, आणि ती आली बरोबर गणिताच्या पेपराच्या दिवशी. आपल्या घराण्याचं तारखेशी काहीतरी वैर आहे. माधवनं शांतपणे जाहीर केलं की तो परीक्षेला जाणार नाही. एक पेपर बुडाला म्हणजे सगळं वर्ष बुडालं, हे त्याला ठाऊक. पुढच्या वर्षी बसेन म्हणाला. पण सोळा वर्षांचा पोरका मुलगा एकदा घरी बसला की पुढचं वर्ष येत नाही, बापू. कुणीतरी कचेरीत चिकटवून देतो आणि संपलं. त्याला कॉलेजात घालायचं हे तू तापातही दोनदा बोललास.

ताईनं सांगून पाहिलं. तुझी सख्खी थोरली बहीण, वहिनी गेल्यापासून तिनंच त्याचं सगळं केलं, तिचं तो ऐकतो. हे ऐकलं नाही. मग मी उठलो. वकिली मांडली, शास्त्र मांडलं, बापाची इच्छा मांडली. तो मान खाली घालून ऐकत होता, अगदी तुझ्यासारखा. माझं संपल्यावर म्हणाला,

"काका, तुम्हीच सांगता ना नेहमी? सगळा संघ अडला होता, तरी बाबांनी आजोबांचं श्राद्ध सोडलं नाही. मग मी कसा जाऊ?"

बापू, कोर्टात उलटतपासणीत माझे पुष्कळ साक्षीदार कोसळले आहेत, त्यांना काय होत असेल ते मला त्या क्षणी कळलं. मी पोराला हसवतोय असं मला वाटत होतं. इतकी वर्षं मी त्याच्यापुढे न हलणारा बाप उभा करत होतो, आणि आता तो बाप दारात आडवा उभा होता. तू असतास तर त्याला गाडीत बसवून आला असतास. तू नव्हतास, आणि तुझ्याबद्दलचं खरं माझ्याखेरीज कुणापाशी नव्हतं. निदान तसा माझा समज होता.

मी खाली बसलो आणि सांगितलं. डोकं टेकून झोपल्यापासून वांग्याएवढ्या पिशवीपर्यंत, सगळं. तुझं ओटीवरचं वाक्य दोनदा सांगितलं. माधव ऐकत होता. मग म्हणाला,

"म्हणजे तुम्ही फुगवलाच नाहीत?"

"वांग्याएवढा फुगवला."

"आणि गोल?"

"तोही त्याचाच. माझी पाठ मधे आली."

तेवढ्यात ताई माजघराच्या दारातून म्हणाली, "मला ठाऊक होतं." आम्ही दोघंही वळलो. ती म्हणाली, त्या दिवशीचं बापूचं धोतर मीच धुतलं. गुडघ्याला गवताचा डाग होता, तो काही स्टेशनवर लागत नाही. मी म्हटलं, अगं, मग काकूला कळलं असतं तर? ताई म्हणाली, "आईनंच मला तो डाग दाखवला. म्हणाली, नीट चोळ, आणि विचारू नकोस. जेवला नाही ना तो कल्याणला, एवढं नानाकडून काढून घे. तू म्हणालास, पोहे त्याच्या वाटचे मी खाल्ले. आईचं समाधान झालं."

मला ते विचारणं आठवतसुद्धा नाही. म्हणजे पोहे मी खाल्ले हे सांगताना तू कल्याणला होतास हेही मीच सांगून बसलो होतो, आणि वर चौदा वर्षं, ती जाईपर्यंत, काकूपासून लपवत होतो. तू तिला सांगायला कचरत राहिलास, ती तुला विचारायला. दोघंही माझी गोष्ट ऐकत एकाच ओटीवर बसत होतात. मी तुम्हाला ती किती वेळा ऐकवली असेल, मोजवत नाही.

माधव हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडला, मग ताईही, आणि मी वकील असल्यामुळे अंगणात जाऊन आलो. परत आलो तेव्हा तो पुस्तक शोधत होता.

भटजींनी वाट काढून दिली. मुलगा हजर नसेल तर त्याच्या वतीनं जवळच्या आप्तानं करावं. माधवनं काल माझ्या हातावर पाणी सोडलं, आणि आज पहाटे अंधुक उजेडात दही खाऊन मुंबईच्या गाडीत बसला. दुपारी तुझं श्राद्ध मी केलं. दोन ठिकाणी मंत्र चुकलो, भटजींनी सांभाळून घेतलं. वर्ज्य गोष्टींतल्या प्रवास आणि श्रम या दोन्ही मी लीलया टाळल्या, तुला माझा स्वभाव माहीत आहे. पानं वाढली तेव्हा मनात म्हटलं, बापू, जेव पोटभर. जेवण झाल्यावर कुठे बघायचं ते तुला सांगायला नको.

तुझे आभार मानायचे राहिले. आता मानायचे तर कशाकशाचे? पुसलेल्या नळीचे, दिलेल्या गोलाचे, की इतकी वर्षं सुपारी कातरत गप्प बसल्याचे. माझ्यासारख्या बोलक्या माणसाला गप्प बसणारा भाऊ मिळावा याहून मोठं भाग्य नाही. मी सुखी माणूस आहे, बापू, आणि त्यात तुझा वाटा मोठा आहे. हे समोरासमोर म्हटलं असतं तर तू अडकित्ता खाली ठेवला असतास आणि मला पुढचं वाक्य सुचलं नसतं.

दिवेलागणीला माधव परत आला. मी ओटीवरच होतो. पेपर कसा गेला म्हणून विचारलं. पायावर पाणी घेता घेता त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "खरं सांगू, की तुमच्यासारखं सांगू?"

खरं सांग म्हटलं. त्यानं सांगितलं, दोन गणितं चुकली, बाकीची बरोबर आहेत, पास होईन. तोंड स्वच्छ होतं त्याचं, कुठे लपवाछपवी नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग आत जाऊन ताईला आणि सगळ्यांना सांगितलं, पेपर उत्तम गेला, एकच चुकलं.